जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर: चेकडिस्क लावू की आधी डेटा काढू?

सेवाकेंद्र_आर्णी

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यातल्या गावात सेवा केंद्र आहे, तिथल्या मुख्य कॉम्प्युटरबद्दल विचारायचं आहे.

डिस्क ३.५ इंची, १ टीबी, ७२०० आरपीएम, २०१६ ची. विंडोज १० तिच्यावरच. सी ड्राइव्ह १५० जीबीचा, बाकी सगळा डी. डी मध्ये ४०० जीबीच्या आसपास माल आहे: स्कॅन केलेले कागद, भरलेले अर्ज, पासपोर्ट फोटो, पीक विम्याच्या पावत्या. बॅकअप एका पेनड्राइव्हवर, तोही अर्धवट.

लक्षणं अशी. काही ठराविक फोल्डर उघडले की वरची हिरवी पट्टी अर्ध्यावर अडकते, कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा लागून राहतो, माऊस हलतो पण क्लिक लागत नाही. मिनिटभरानं आपोआप सुटतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावाखाली आयडी ७ आणि १५३ च्या नोंदींची रांग लागली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं 'कॉशन' दाखवतं. रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात, पुढची शून्यं सोडून:

०५ समोर १०
०९ समोर ५एफ३सी
सी५ समोर ए८
सी६ समोर ए८
सी७ समोर ०
तापमान दुपारी ५२

टकटक, घरघर काही नाही. इन्व्हर्टर आहे (१५० एएच बॅटरी), पण लाइट जाताना कधीकधी मशीन रिस्टार्ट होते. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज १७०-१८० वर येतं.

तालुक्याला एका दुकानात विचारलं तर म्हणाले, रात्रभर चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) लावा, नाही जमलं तर आणून द्या, लो लेव्हल फॉरमॅट मारून देतो. चेकडिस्क लावू का? डिस्क सुधारण्यासारखी आहे का? आणि नवीनच घ्यायची तर काय घेऊ?

---

काळीमाती_दर्यापूर

भाऊ, चेकडिस्क लावू नोको. पहिले मशीन बंद कर, मंग पुढचं वाच.

स्लॅश आर लावलं का ते डिस्कचा कोपरान् कोपरा वाचते, रिकामी जागा पन. जिथं वाचता येत नाई तिथं डिस्क पुन्हा पुन्हा जोर लावते. वरून चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहिते बी. फाइलींची यादी ज्या भागात असते तोच सेक्टर (डिस्कचा बारका कप्पा) खराब निंगाला तं आख्खं फोल्डर तोडून 'फाउंड.०००' मंधी तुकडे करून टाकते. 'फाइल०००१.सीएचके' अशा नावाच्या हजार तुकड्यातून कोनाचा सातबारा कोनता, हे शोधत बसशीन का?

उद्या गिऱ्हाइकाले देऊन टाकायचे कागद असतील तं तेवढेच पेनड्राइव्हवर घे. बाकी डिस्क आता चालू ठेवू नोको.

---

प्लॅटर_अकोला

वरच्या भाऊंशी सहमत. आता आकडे बघू, कारण अर्धा निर्णय त्यातच आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू दहाऐवजी सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये दाखवतं. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे '१० डेक' निवडलं की साधे आकडे दिसतात. तुमचे आकडे साध्या भाषेत असे होतात:

०५ (बदली दिलेले सेक्टर): १६
०९ (चालू तास): २४,३८०
सी५ (प्रलंबित): १६८
सी६ (वाचताच न आलेले): १६८

०५ आणि सी५ यांतला फरक नीट समजून घ्या, सगळे इथेच घोटाळा करतात. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती त्याला लगेच बाद करत नाही. आत काय होतं ते तिला माहीत नसतं, मग बदलीच्या जागेत लिहिणार काय? म्हणून ती त्यावर 'प्रलंबित' अशी खूण करते, तो सी५. पुढे कधी त्याच जागी नवीन काही लिहायची वेळ आली की ती लिहून तपासते. नीट लिहिलं गेलं तर खूण काढते, सी५ कमी होतो आणि ०५ तसाच राहतो. नाही लिहिलं गेलं तर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या नावावर करते, तेव्हा ०५ वाढतो. म्हणजे ०५ हा निकाली निघालेल्यांचा आकडा आणि सी५ हा तुमच्या आज अडकलेल्या डेटाचा. तुम्हाला घोर सी५ चा हवा.

१६८ ऐकून घाबरू नका. २०११ नंतरच्या बहुतेक डिस्कमध्ये आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, बाहेर मात्र ५१२ बाइटचे आठ सेक्टर असल्याचं दाखवलं जातं. १६८ ला ८ नी भाग गेला, २१ आले. खराब जागा २१. ०५ चे १६ म्हणजे दोन. आकडे आठच्या पटीत वाढताना दिसले की समजायचं हेच चाललंय.

सी७ शून्य आहे हे चांगलं. तो वाढत असता तर दोष साटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) किंवा तिच्या टोकाचा असण्याची शक्यता जास्त होती. डिस्क बदलून तीच केबल लावणारे खूप असतात. ०१ आणि ०७ समोर मोठाले आकडे दिसले तर दुर्लक्ष करा; सीगेटच्या डिस्कवर ते नेहमीच प्रचंड दिसतात, कारण त्या रकान्यात एकूण वाचनांची मोजणीही कोंबलेली असते.

आता दुकानदाराचा लो लेव्हल फॉरमॅट. खरा लो लेव्हल फॉरमॅट कारखान्यातच होतो, घरी किंवा दुकानात होत नाही. त्या नावाची सॉफ्टवेअरं पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितात, एवढंच. त्यानं सी५ खाली येतो हे खरं (वरचं कारण बघा), म्हणून डिस्क 'सुधारली' असं दिसतं. पण ४०० जीबी जातो, आणि पत्र्यावर (डिस्कमधली फिरती तबकडी) ओरखडा असेल तर काही दिवसांत नवीन खुणा उमटतात.

गूगलने २००७ साली आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली स्कॅन एरर आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणून क्रम असा: कॉपी, मग कॉपीची तपासणी, आणि जुन्या डिस्कचं काय करायचं ते शेवटी.

---

टक्स_वणी

कॉपी कशी करायची ते सांगतो. विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट नको: एका खराब सेक्टरवर ती अडते, पुढचा चांगला माल तसाच राहतो, आणि विंडोज मधल्या मधे त्याच डिस्कवर पेजफाइल (रॅमला जोड म्हणून वापरायची फाइल) आणि लॉग लिहीतच असतं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज निघणारं सगळं काढून घेतं, कठीण जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मरायला टेकलेल्या डिस्कसाठी हाच क्रम बरोबर.

सामान. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी. १ टीबी हार्ड डिस्क म्हणजे साधारणपणे १,९५३,५२५,१६८ सेक्टर. '१ टीबी' वर्गातले काही एसएसडी प्रत्यक्षात ९६० जीबीचे असतात, त्यांत ही नक्कल मावणार नाही. शंका नको म्हणून २ टीबी हार्ड डिस्क घ्या. एक साटा केबल जास्तीची. पेनड्राइव्ह दोन: एकावर सिस्टमरेस्क्यू हे लिनक्स (दुसऱ्या मशीनवर रूफस या सॉफ्टवेअरनं तयार करा, डीडीरेस्क्यू त्यात आधीच आहे, गावातल्या नेटवर काही उतरवावं लागत नाही), दुसरा मॅप फाइलसाठी.

मॅप फाइल म्हणजे कोणता भाग निघाला, कोणता राहिला याची वही. लाइट गेली, मशीन हँग झाली, तरी ही फाइल असेल तर काम जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं. लोक नेमकी हीच चूक करतात: लाइव्ह लिनक्समध्ये ती होम फोल्डरला ठेवतात. ते फोल्डर रॅममध्ये असतं, मशीन बंद झाली की वही गेली. म्हणून दुसरा पेनड्राइव्ह माउंट करून (लिनक्समध्ये वापरासाठी जोडून) त्याच्यावरच ठेवा.

जोडणी. दोन्ही डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टवर लावा. यूएसबी केसमधून जुनी डिस्क वाचू नका. खराब सेक्टरवर डिस्क बराच वेळ गप्प बसते, तेवढ्यात यूएसबीचा चिप वैतागून जोडणी तोडतो आणि डिस्क गायब होते.

ओळख. मशीन सुरू झाल्यावर 'एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल' मारा. (फोनवरून लिहितोय म्हणून कमांड देवनागरीत, टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, आर्ग्युमेंटमधलं मोठं आर सोडून.) सीरियल नंबर डिस्कच्या स्टिकरशी ताडून कागदावर लिहा: जुनी कोणती, नवी कोणती. रिस्टार्टनंतर एसडीए आणि एसडीबी ही नावं अदलाबदल होऊ शकतात, म्हणून दर वेळी पुन्हा बघा. इथे उलटसुलट झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या डेटावर बसेल.

पहिला फेरा. जुनी एसडीए, नवी एसडीबी, मॅपचा पेनड्राइव्ह /एमएनटी वर माउंट असं धरून:

डीडीरेस्क्यू -एफ -डी -एन -बी ४०९६ /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/आर्णी.मॅप

-एफ म्हणजे डिस्कवर लिहायला परवानगी. -डी म्हणजे मधली कॅश टाळून थेट वाचन. -एन म्हणजे कठीण जागा आत्ता खरवडू नको. -बी ४०९६ दिल्यानं एकाच खऱ्या सेक्टरवर आठ वेळा डोकं आपटलं जात नाही.

दुसरा फेरा. तीच कमांड, तीच मॅप फाइल, फक्त -एन काढून -आर३ (छोटं आर, तीन प्रयत्न). त्यानंतर अजून राहिलं तर एकदा मोठं आर देऊन उलट दिशेनं. शंभर प्रयत्न लावून झोपू नका. तीनात जे निघत नाही ते शंभरात क्वचितच निघतं, पण तेवढ्यात हेड (पत्र्यावरून वाचणारा भाग) मात्र जाऊ शकतं.

चांगल्या भागाचा वेग १००-१५० एमबी प्रति सेकंद असतो, म्हणजे १ टीबीला दोन-तीन तास. खराब पट्ट्यात तो काही केबीवर येतो, तेव्हा घाबरून बंद करू नका. टकटक सुरू झाली किंवा डिस्क फिरून थांबून पुन्हा फिरायला लागली तर मात्र ताबडतोब पॉवर काढा. मग काम हेडचं असतं, ते धूळविरहित खोली असलेल्या रिकव्हरी लॅबचं. नागपूर-पुण्याला पाठवण्याआधी तपासणीचे किती आणि डेटा नाही निघाला तर किती, हे लेखी घ्या. फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. आपल्याकडच्या हवेत डिस्क फ्रिजबाहेर काढली की आत दव धरतं.

---

ओहमचा_नियम

डिस्कबद्दल वर सगळं आलंय. पण नवी डिस्क याच लाइटवर लावणार असाल तर दोन वर्षांनी पुन्हा इथेच प्रश्न टाकाल.

लाइट जाते तेव्हा डिस्क स्वतःच्याच फिरण्यातून निघालेल्या विजेवर हेड बाजूला घेते, ती सोय आत असतेच. धोका वेगळा आहे. नेमकं लिहिणं चालू असताना व्होल्टेज बसलं तर सेक्टर अर्धवट लिहिला जातो. डेटा एक, त्याच्या तपासणीचा कोड दुसरा. पुढच्या वेळी वाचताना हिशेब जुळत नाही आणि सेक्टर 'खराब' ठरतो. पत्रा ठणठणीत असतो. असे मऊ बॅड सेक्टर पुन्हा लिहिलं की जातात. तुमच्याकडच्या २१ पैकी किती या जातीचे आणि किती खरे, हे आत्ता सांगता येत नाही. शून्य लिहिल्यावर कळेल.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक स्विच असतो, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको'. बहुतेक ठिकाणी तो नॉर्मलवर असतो, कारण कमी व्होल्टेजमध्येही लाइटवर पंखे चालत राहतात. नॉर्मलवर बदल व्हायला वेळ जास्त लागतो. एसएमपीएसनं (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरावा अशी अपेक्षा असते. आतले मोठे कपॅसिटर जुने झाले की तो दम कमी होतो. दोन्ही मिळून तुमचा रिस्टार्ट. स्विच यूपीएसवर करा. मग १८० च्या खाली व्होल्टेज आलं की इन्व्हर्टर स्वतःहून बॅटरीवर जाईल आणि संध्याकाळी बॅटरी लवकर उतरेल, त्याची तयारी ठेवा. तेवढं परवडत नसेल तर फक्त सीपीयूसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस, ज्यात व्होल्टेज सावरणारा एव्हीआर आहे असा. प्रिंटर त्यावर लावू नका, लेझर तर अजिबात नाही.

मल्टिमीटर असेल तर डिस्कच्या पॉवर वायरवर मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. मशीन कामात असताना मोजा, नुसती चालू ठेवून नाही. पिवळी ११.४ च्या खाली झुकत असेल तर आधी एसएमपीएस बदला. आणि एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा लाल स्विच असेल तर व्होल्टेज कमी येतं म्हणून तो ११५ वर करू नका. डीपीवरून लाइट पूर्ण आली की त्याच क्षणी धमाका होतो.

५२ अंश मर्यादेत आहे (बहुतेक डिस्कची मर्यादा ६०), पण मे महिन्यात खोलीच ४४-४५ असेल तर अंतर राहत नाही. पुढची जाळी काढून साफ करा. वेचणीच्या हंगामात कापसाचे तंतू तिथे गादीसारखे बसतात. डिस्कसमोर १२० एमएमचा पंखा लावला तर फरक पडतो. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका, ताट्यांतून तुषार येतात आणि धुळीचा चिखल होऊन कनेक्टरवर बसतो. डिस्कच्या झाकणावर बारीक भोक असतं ते हवेचा दाब सारखा राहण्यासाठी आहे. त्यावर स्टिकर किंवा टेप लावू नका.

---

सेवाकेंद्र_आर्णी

सगळ्यांचे आभार. २ टीबी डिस्क आणली, टक्स भाऊंनी सांगितल्याप्रमाणे केलं. मध्ये लाइट गेली होती, पण मॅप फाइल पेनड्राइव्हवर असल्यानं पुढून सुरू झालं. दोन्ही फेरे संपल्यावर स्क्रीनवर: रेस्क्यूड ९९.९९ टक्के, बॅड-सेक्टर १३१०७२ बी, बॅड एरिया ११.

प्रश्न तीन. जुन्या डिस्कचा सी५ आता १०० दाखवतो (हेक्स). म्हणजे कॉपी करताना डिस्क अजून खराब झाली का? न निघालेला भाग नेमका कोणत्या फाइलींचा हे कसं कळेल? आणि जुनी डिस्क केंद्राच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला लावली तर चालेल का?

---

प्लॅटर_अकोला

हेक्स १०० म्हणजे २५६, आठनं भागून ३२ जागा. तुमचे १३१०७२ बाइट भागिले ४०९६, पुन्हा ३२. दोन्हीकडून हिशेब जुळला, म्हणजे डिस्क खरं सांगते आहे आणि त्या ३२ सोडून नक्कल पूर्ण आहे. २१ च्या ३२ झाल्या त्या बहुधा नव्या नाहीत. ज्या जागा विंडोजनं कधी वाचल्याच नव्हत्या त्याही डीडीरेस्क्यूनं वाचल्या, म्हणून कळल्या.

त्या ११ जागा डिस्कभर कुठे कुठे आहेत ते मॅप फाइल उघडून बघा, साधी टेक्स्ट फाइल आहे. ज्या ओळीच्या शेवटी उणे चिन्ह आहे ती जागा निघाली नाही. जागा एकमेकींपासून दूर, सुट्या, एक-दोन सेक्टरच्या असतील तर लाइटवाली शंका बळावते. सगळ्या एका पट्ट्यात, किंवा ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येत असतील तर एकच हेड किंवा पत्र्याची एकच बाजू गेली आहे. त्या डिस्कवर पुढे वेळ घालवू नका.

---

टक्स_वणी

फाइली शोधायची युक्ती. डीडीरेस्क्यूचा फिल मोड न निघालेल्या जागांवर तुम्ही दिलेला मजकूर लिहितो. छोटी टेक्स्ट फाइल करा, तिच्यात असा शब्द लिहा जो कुठल्याही अर्जात येणार नाही, आणि नव्या डिस्कवर फिल मोड चालवा (लक्ष्य नवी डिस्क, मॅप तीच, चिन्ह उणे). मग नवीचा डी ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचण्यासाठी माउंट करून ग्रेपनं (मजकूर शोधायची कमांड) तो शब्द शोधा. ज्या फाइलींत सापडेल त्या फुटलेल्या. ३२ जागांपैकी बऱ्याच रिकाम्या जागेत किंवा पेजफाइलमध्ये निघतील. पीडीएफ आणि जेपीईजी फुटले असतील तर उघडतातही कधीकधी, पण अर्धं पान करडं येतं, म्हणून 'उघडली म्हणजे चांगली' असं धरू नका.

ते झालं की जुनी डिस्क काढा, नवीवरून विंडोज सुरू करा आणि चेकडिस्क स्लॅश एफ लावा. आता लावायला हरकत नाही, कारण ही नक्कल आहे. आधी कधी जुन्यावर कोणी स्लॅश आर चालवलं असेल तर एक बारकावा: एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) खराब क्लस्टरची, म्हणजे सेक्टरच्या गटांची, यादी फाइल सिस्टममध्येच ठेवते, आणि ती यादीही नक्कल होऊन नव्या डिस्कवर आली आहे. नवी डिस्क कोरी करकरीत असूनही चेकडिस्क 'इतके केबी इन बॅड सेक्टर्स' दाखवेल. स्लॅश बी लावलं की ती यादी पुन्हा तपासून साफ होते. या एका ओळीपायी चांगल्या डिस्क वॉरंटीत परत गेलेल्या आहेत.

उरलेली १ टीबी जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अनअॅलोकेटेड' दिसेल, त्याचं वेगळं पार्टिशन करा. डी शेवटचं पार्टिशन असेल तर सरळ वाढवताही येईल. मात्र डिस्क पार्टिशनच्या जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर २ टीबीच्या पुढे तिला दिसत नाही, म्हणजे यापेक्षा मोठी घेतली असती तर अडचण होती.

---

काळीमाती_दर्यापूर

जुन्या डिस्कले बी काम देता येते. खराब पट्टा जिथं हाय तिथं पार्टिशनच करायचं नाई, आजूबाजूचे २०-२० जीबी सोडून बाकीचं वापरायचं. सिनेमे ठेवाले चालते.

---

प्लॅटर_अकोला

सिनेमे ठेवायला चालेल, पण गेले तरी हरकत नाही अशाच गोष्टी. ओरखड्यातून निघालेला कण त्याच पट्ट्यात बसून राहत नाही, पत्र्यावर फिरतो. पार्टिशनची भिंत त्याला दिसत नाही.

तपासायचंच असेल तर असं करा. नक्कल पडताळली, दुसरी प्रतही बाहेरच्या डिस्कवर निघाली, मगच जुनी एकटी लावा, नवीची केबल काढून. लाइव्ह लिनक्समधून पूर्ण डिस्कवर शून्यं लिहा. बॅडब्लॉक्स -डब्ल्यू चार वेगवेगळे नमुने लिहून वाचतं, त्याला १ टीबीसाठी दिवसभर लागू शकतो. गावच्या लाइटवर तेवढा धीर नको, एक शून्यफेरा पुरे. मात्र ब्लॉक ४०९६ किंवा त्याच्या पटीत द्या. ५१२ नं लिहिलं तर डिस्कला आधी उरलेला भाग वाचावा लागतो, तोच वाचता येत नाही, आणि लिहिणं फसतं. मग स्मार्टसीटीएल या कमांडनं लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी) लावा.

सी५ शून्य, ०५ सोळावरच, लाँग टेस्ट बिनचूक: दोष लाइटचा होता, डिस्क तिसऱ्या प्रतीसाठी ठेवा. ०५ वाढला पण थांबला: महिनाभर लक्ष ठेवा. सी५ पुन्हा उगवला: भंगार. सी५ खाली आला म्हणून तिच्यावर पुन्हा एकमेव प्रत ठेवणारे असतात, त्यांना हात जोडतो.

डीव्हीआरला नको. तो चोवीस तास लिहितो, खराब जागेवर डिस्क अडली की बरेच डीव्हीआर मुकाट्यानं रेकॉर्डिंग बंद करतात आणि स्क्रीनवर कॅमेरा मात्र लाइव्ह दिसत राहतो. चोरी झाल्यावर कळतं की तीन आठवड्यांचं काहीच नाही.

---

ओहमचा_नियम

एक राहिलं. या डिस्कवर गावभरच्या लोकांचे आधार, पासबुक, जातीचे दाखले आहेत. भंगारवाल्याला तशीच देऊ नका. शून्यफेरा झाला असेल तर पुष्कळ झालं. ०५ मधल्या त्या दोन जागांत जुना डेटा तसाच राहतो, पण तो साध्या पद्धतीनं कोणी वाचू शकत नाही. शून्यफेरा पूर्णच होत नसेल तर झाकण खोला (टी८ चा टॉर्क्स लागतो, एक स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो) आणि पत्र्यांना ड्रिलनं आरपार भोकं पाडा. ३.५ इंचीत पत्रे सहसा अॅल्युमिनियमचे असतात, ड्रिल घेतात. लॅपटॉपच्या २.५ इंचीत बहुधा काचेचे, ते फुटून उडतात, चष्मा घाला.

नवी डिस्क घेताना बॉक्स बघून समाधान मानू नका. घरी आणल्या आणल्या ०९ बघा. नव्या मालावर तो शून्य किंवा एक-दोन तास असतो. हजारात असेल तर रिफर्बिश्ड आहे, त्याच दिवशी परत करा. काही जण तो आकडाही शून्य करून विकतात, म्हणून सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे तेही बघा. विंडोजसाठी २४०-२५६ जीबीचा छोटा एसएसडी वेगळा घेतला तर डेटाच्या डिस्कवरचं सततचं लिहिणं कमी होतं. पण बॅकअपची प्रत कपाटात ठेवायची असेल तर ती हार्ड डिस्कवरच ठेवा, एसएसडी महिनोन्महिने विजेशिवाय ठेवायला नको.